एकमेकींना धरून राहणाऱ्या पेशी

मल्लेश्वरममधल्या एका क्रॉस रोडवर माझ्या धाकट्या बहिणीच्या सासरचे कॉफीचे दुकान आहे. पुढे काउंटर, त्यामागे भाजणीचे यंत्र आणि त्याहून मागे एक चिंचोळी खोली. त्या खोलीत रोज सकाळी ती नव्या भाजणीची चव पाहते. चिनी मातीच्या लहान वाट्यांत पूड, त्यावर कढत पाणी, आणि वर साचलेला फेसाळ थर चमच्याने बाजूला सारला की उसळून येणारा वास. तो वास दर खेपेला वेगळा असतो, असे ती म्हणते. मला कधी त्यात ओल्या मातीचा भास होतो, कधी गुळाच्या काकवीचा. मग ती चमचा ओठांशी नेते आणि कॉफी सुर्रकन आत ओढते. तो आवाज इतका निःसंकोच असतो की लहानपणी ताटावर बसून असे ओरपल्याबद्दल तिला बसलेले धपाटे आठवून मला हसू येते.

मी राहते एचएसआर लेआउटमध्ये, शहराच्या दुसऱ्या टोकाला. पण रविवारची सकाळ त्या खोलीतली. अशाच एका रविवारी माझ्या लक्षात आले की ती चमचा ओठांच्या मधोमध न धरता उजवीकडे धरते आहे. दोन वाट्या झाल्या, तिसरी झाली, चमचा उजवीकडेच. मी विचारले तेव्हा डावीकडची मागची दाढ जरा हलते आहे, दुखत मात्र नाही, असे तिने सांगितले, आणि पुढची वाटी जवळ ओढली.

दुखत नाही, हे मला आवडले नाही. मी तिला दुकानाच्या दारात उजेडाला उभे केले, हात धुऊन आले आणि गालाच्या आतून खालच्या जबड्यावर बोट फिरवले. अक्कलदाढ जिथे असायला हवी, तिथे दाढ नव्हती आणि हाड फुगलेले होते. किंचित दाब दिला तेव्हा अंड्याचे कवच दबावे तसे ते बोटाखाली दबले.

ती तोंड उघडे ठेवूनच काहीतरी बोलली. बोट काढल्यावर तेच पुन्हा म्हणाली, “अक्का, गिऱ्हाइकासमोर असा चेहरा करू नकोस. कॉफी नासली वाटेल त्यांना.”

माझा व्यवसाय तोंडाच्या आजारांचे निदान करण्याचा. रुग्ण माझ्यासमोर बसत नाहीत. त्यांच्या तोंडातून काढलेला नखाएवढा तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीतून येतो, मेणात बसवला जातो, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काचेवर चढतात, आणि रंगवलेले ते काप मी मायक्रोस्कोपखाली वाचते. वाचते हाच शब्द मला योग्य वाटतो. आमचे घराणे कितीतरी पिढ्यांपासून या कानडी मुलखात आहे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. मराठी जिभेवरून निसटू नये म्हणून वडील आम्हा दोघी बहिणींना संध्याकाळी कविता म्हणायला बसवत. ओळ कुठे तोडायची, श्वास कुठे घ्यायचा, हे ते पाटावर बोटाने टक् करून सांगत. ओळ भलत्या ठिकाणी तोडली तर तिचा अर्थ भलताच होतो, हे मी मायक्रोस्कोपच्या कितीतरी आधी त्या पाटापाशी शिकले.

गेली अनेक वर्षे मी ज्या गाठींचा अभ्यास करते, त्या दात घडवणाऱ्या ऊतींतून उगवतात. बाळ पोटात असताना हिरडीच्या अस्तरातून पेशींची एक पट्टी खाली उतरते, कळीसारखी फुगते आणि तिच्या आतल्या बाजूच्या उंच, सडपातळ पेशी दाताचे एनॅमल विणतात. काम संपले की त्या पेशी विरून जातात. आपल्या दातांवर ते झळाळते पांढरे आवरण राहते, विणणाऱ्या राहत नाहीत. काही थोड्या मात्र जबड्यात मागे उरतात, मुकाट्याने. क्वचित एखादीला फार उशिरा जाग येते आणि ती पुन्हा वाढू लागते. जुनी सवय तिच्या अंगात असते: कडेच्या पेशी अजूनही ओळीने ताठ उभ्या राहतात, मधल्या चांदणीसारख्या पसरतात. दात मात्र होत नाही. त्या गाठीला अमेलोब्लास्टोमा म्हणतात. ती सहसा दूर कुठे पसरत नाही, पण जबडा सावकाश, न दुखवता, आतून पोखरत जाते.

आणि या पेशी एकमेकींना कशाने धरून असतात, हा माझा विषय. प्रत्येक पेशीच्या कडेवर काही रेणू उभे असतात. एकीचा रेणू शेजारणीच्या तशाच रेणूत गुंततो आणि दोघी जोडलेल्या राहतात. त्यांतल्या एकाचे नाव ई-कॅडहेरिन. त्याला ओळखणारे द्रव्य घालून काप रंगवला की तो जिथे असेल तिथे तपकिरी रेघ उमटते. निरोगी हिरडीत ही रेघ प्रत्येक पेशीभोवती असते. सगळे मिळून एक सुरेख, बारीक डोळ्यांची जाळी दिसते. गाठींमध्ये जाळी कुठे दाट, कुठे विरळ. ती विरळ झाली की पेशी शेजार सोडून भटकू लागतात का, हे मी आणि माझ्यासारखे बरेच जण तपासत असतो. त्या तपकिरीवरून कुणाचा जबडा कापायचा की नाही हे कुणी ठरवत नाही. ते मी विद्यार्थ्यांना दरवर्षी बजावून सांगते.

बहिणीच्या एक्स-रेमध्ये डाव्या जबड्यात आडव्या पडलेल्या अक्कलदाढेभोवती एकच मोठी काळी पोकळी दिसली, कडा जराशा नागमोडी. जबड्यातून खालच्या ओठाकडे जाणारी नस त्या पोकळीच्या तळाला चिकटून खाली ढकलली गेली होती. तुकडा काढून तपासला. अमेलोब्लास्टोमाच निघाला, पण पिशवीसारखा, एका पोकळीचा. आता प्रश्न एकच होता, आणि शल्यचिकित्सकांनी तो कागदावर चित्र काढून आम्हा दोघींना समजावला. गाठ पिशवीच्या आतल्या अस्तरापुरतीच असेल, तर पिशवी अलगद सोलून काढता येईल, नस वाचवण्याचा प्रयत्न करता येईल, आणि पुढे वर्षानुवर्षे लक्ष ठेवायचे. पण गाठीच्या पेशींची बेटे पिशवीच्या भिंतीत शिरलेली असतील, तर जबड्याचा तेवढा भाग नसेसकट कापायचा आणि पायाचे हाड तिथे बसवायचे. चेहरा नीट होईल. डावीकडचा खालचा ओठ आणि हनुवटी मात्र कायमची बधिर राहील.

परतताना रिक्षात तिने माझ्याकडे पाहिले नाही. रस्त्यात फुलांच्या हातगाड्या होत्या. शेवंतीचा कडवट वास रिक्षात येत होता. कॉफी चाखण्यात अडचण येईल म्हणून ती खचली असेल असे मला वाटले, आणि मी सांगू लागले की चव जिभेवर असते, जिभेला काही होणार नाही, चमचा उजवीकडून धरायची सवय तर तुला झालीच आहे.

ती म्हणाली, “कॉफीचं सोड. पोरीच्या अंगात ताप आहे का, ते मी कपाळाला ओठ लावून बघते. हाताने मला कळत नाही.”

मग माझ्या मांडीवर हात ठेवून, मलाच समजावल्यासारखी म्हणाली, “सरी,” म्हणजे ठीक आहे, “थर्मामीटर घेईन. तू रडू नकोस.”

मी रडत नव्हते. रडले ते घरी आल्यावर, नळ सोडून.

आपल्या माणसाच्या तुकड्याचा रिपोर्ट आपण लिहायचा नाही, हा आमच्यातला नियम. बहिणीच्या स्लाइड आमच्या विभागातल्या ज्येष्ठ मॅडम वाचत होत्या. त्या म्हैसूरकडच्या, आमचे बोलणे कन्नडमध्येच चालते, इथे मी ते मराठीत लिहिते आहे. दोघींना एकाच वेळी पाहता येईल असा दोन नळ्यांचा मायक्रोस्कोप आमच्याकडे आहे. मॅडमनी मला समोरच्या नळीवर बसवले. वाचायचे त्यांनी, मी फक्त बघायचे, आणि बोलायचे नाही, अशी अट घातली.

नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात अस्तर स्वच्छ दिसले: कडेला उभी ओळ, आत चांदण्या. आणि मग, अस्तरापासून थोडे खाली, भिंतीच्या गुलाबी तंतूंमध्ये, एक गोल बेट. तशाच पेशी, तशीच ओळ. मी अट पाळली.

मॅडमनी बराच वेळ स्लाइड हलवली नाही. त्यांचे म्हणणे असे की बेट दिसते म्हणून ते बेट असेलच असे नाही. अस्तराला घडी पडलेली असते; काप तिरका गेला की घडीचे टोक तेवढे काचेवर येते आणि उरलेली घडी मेणात राहते. बघणाऱ्याला वाटते, भिंतीत काहीतरी सुटे पडले आहे. ओळ भलत्या ठिकाणी तोडण्याचाच हा प्रकार. त्यावर उपाय एकच. मेणात आणखी खोल जायचे, पुढचे काप घ्यायचे, आणि बेट अस्तराला कुठे जोडले जाते का ते पाहायचे.

पुढच्या कापांत बेट अस्तराच्या जवळ सरकले. त्या दोहोंमध्ये एक अरुंद मान असावी तसे दिसू लागले. पण तुकडा काढताना चिमट्याने तिथेच चिरडला गेला होता. जांभळा धूसर डाग, बाकी काही कळेना. पेशींची सलग रांग आहे की नुसते दबलेले तंतू? गुलाबी-जांभळ्या रंगाला ते सांगता येत नव्हते.

तेव्हा मॅडम नळीवरून डोळे न काढता म्हणाल्या की तुझ्या कपाटातली ती कॅडहेरिनची कुपी काढ. पेशींना काय जडले आहे हे त्यांना विचारायचे नव्हते. पेशींच्या कडा तेवढ्या उमटवून हव्या होत्या, म्हणजे रांग असेल तर मोजता येईल. मला गंमत वाटली, आणि थोडे कसेसेही. मी इतकी वर्षे त्या रेणूला मोठमोठे प्रश्न विचारले होते, आणि आता त्याच्याकडे एवढेच मागायचे होते की शेजारणी शेजारणीच आहेत ना, ते सांग.

दुसऱ्या दिवशी वरमहालक्ष्मीचे व्रत होते. आमच्या तंत्रज्ञ बाईंनी आधीच रजा घेतलेली. रंगवण्याचे काम मी करीन म्हटले. मॅडमनी विचार केला आणि म्हणाल्या, “नाही म्हटलं तर घरी बसून काय करशील? सरी. रिपोर्ट माझा, हात तुझे.”

सकाळी प्रयोगशाळेत मी एकटी. खिडकीखालच्या रस्त्यावरून केळीचे खुंट बांधलेल्या मोटारसायकली जात होत्या. फॉर्मॅलिनमध्ये राहून ऊतींतले रेणू जखडून जातात, त्यांची ओळख झाकली जाते. रंगद्रव्य त्यांना धरू शकत नाही. म्हणून काच एका सौम्य आंबट द्रावात, दाबाखाली शिजवायची. त्यासाठी खास यंत्रे मिळतात. आमच्याकडे घरगुती कुकर आहे, कोणत्याही स्वयंपाकघरात असतो तसा, इंडक्शनच्या शेगडीवर. विद्यार्थी त्याला आमचे भाताचे भांडे म्हणतात. मी काचा त्यात ठेवल्या, झाकण लावले, आणि मग टेबलाशी बसून खिडकीतून बाहेर पाहत राहिले. मध्येच बहिणीचा फोन आला. पूजेच्या गडबडीत होती. मागे पातेल्यांचा आवाज. तुझ्या पेशींनी काय ठरवलं, असे तिने विचारले, जणू त्यांची बैठक चालली होती. अजून शिजतायत, असे मी सांगितले. मीठ टाकलंस ना, म्हणाली, आणि हसत फोन ठेवला.

पुढचे सगळे टप्पे मी मन लावून केले. तपकिरी रंग आणणारा थेंब शेवटी सोडतात. तो पडला की काचेवर क्षणभराने मावळतीसारखी छटा येते. मी काच उजेडासमोर धरून वाट पाहिली. बाकी सगळे दिसावे म्हणून निळा रंग दिला, सुकवली, मायक्रोस्कोपखाली सरकवली.

सगळे निळे. बेट निळे, अस्तर निळे, आणि ती मान असावी असे वाटत होते तिथे निळा धूसरपणा. एकही रेघ नाही.

मला जे वाटले ते इथे सांगायला हवे. माझ्या सगळ्या वाचनाने, सगळ्या वर्षांनी मला एकच अर्थ पुढे केला: यांनी एकमेकींना सोडले आहे. सुटलेल्या पेशी भिंतीतून वाट काढत निघतात. मी बहिणीचा जबडा पाहिला, कापलेला. तिचा अर्धा ओठ पाहिला, आणि तो ओठ मुलीच्या कपाळावर टेकलेला पाहिला, काही न कळणारा. विद्यार्थ्यांना बजावलेले सगळे विसरून मी मॅडमना फोन केला आणि एवढेच म्हणाले की रेघ नाही.

त्या पूजेवरून उठून आल्या. मोतिया रंगाची रेशमी साडी, केसांत मोगरा, कपाळावर ओले कुंकू, आणि त्यावर, दारातल्या खुंटीवरून घेतलेला पांढरा कोट. झायलीन या उग्र द्रावाचा वास मुरलेल्या त्या खोलीत एकाएकी कापूर आणि मोगऱ्याचा वास भरला. कुठे बघायचे ते मी दाखवू लागले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला आणि काच थेट दुसऱ्या टोकाला सरकवली. तुकडा हिरडीतून आत जाऊन काढलेला होता. त्याच्या कडेला निरोगी हिरडीची चिंधी होती.

“नोडम्मा,” त्या म्हणाल्या. बघ गं बाई. “हिरडी पाहिलीस?”

मी पाहिली नव्हती. हिरडीही निळी होती. जिथे तपकिरी जाळी असायलाच हवी, जिथे ती प्रत्येक माणसाच्या तोंडात असते, तिथेही काही नव्हते.

“म्हणजे आता निरोगी हिरडीनेही शेजार सोडला म्हणायचं? संप आहे का आज त्यांचा?”

आमच्या कामात गाठ वाचण्याआधी निरोगी कडा वाचायची असते. तिथे रंग नसेल तर रंगच बसलेला नाही. गाठीविषयी बोलायचे काही उरत नाही. पहिल्या वर्षाची मुले हे चुकतात. माझ्या डोळ्यांनी थेट बहिणीकडे धाव घेतली होती. मध्ये काही दिसायला जागाच नव्हती. मॅडमनी मला हे बोलून दाखवले नाही. त्या कोपऱ्यात गेल्या, कुकरचे झाकण उचलले आणि रबराच्या रिंगवरून बोट फिरवले. रिंग सैल पडली होती, एका जागी तडकलेली. वाफ बाजूने निसटत राहिली असणार. दाब चढलाच नसणार. एकही शिट्टी झाली नव्हती, हे मला तेव्हा आठवले.

“घरी अशा रिंगवर डाळ लावली असतीस का?”

नसती लावली. घरी त्या फुसफुशीने मी दुसऱ्या खोलीतून उठून आले असते.

मॅडमनी डब्यातली ओबट्टू, म्हणजे आपली पुरणपोळी, माझ्यापुढे ठेवली. खाऊन झाल्यावरच उठायचे, असा हुकूम. पुरण कोमट होते, वेलदोड्याचे. सकाळपासून पोटात काही नव्हते हे मला पहिल्या घासाला कळले.

रिंग घ्यायला मी इथल्या शिवाजीनगरच्या बाजारात गेले. सणाच्या दिवशीही तिथली दुकाने अर्धी उघडी होती. एका बोळात कुकर, मिक्सर, स्टो दुरुस्त करणारे म्हातारे चाचा बसले होते. तडकलेली रिंग त्यांनी बोटांत फिरवून पाहिली, नाकाजवळ नेली आणि थोडे दूर धरली. यात शिजवता तरी काय, असे त्यांनी दख्खनीत विचारले. आंबट वास येतो आणि चिकट काहीच नाही. मी म्हणाले, काचा. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. मग शेजारच्या दुकानदाराला हाक मारून सांगितले की आजकाल बाया काहीही शिजवतात, आणि माझ्यासाठी दोन रिंगा काढल्या. एक राहू दे म्हणाले, काच शिजायला वेळ लागत असेल.

दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञ बाई परतल्या होत्या. आम्ही दोघींनी मिळून पुढचे काप चढवले. कुकरने शिट्टी दिली, खणखणीत, आणि व्हरांड्यातले विद्यार्थी थांबून हसले. मला तो आवाज देवळातल्या घंटेइतका गोड वाटला.

मॅडम नळीवर बसल्या, मी समोर. त्यांनी आधी हिरडी लावली. तपकिरी, नाजूक, पूर्ण. एकेका पेशीभोवती रेघ, एकही डोळा न उसवलेली जाळी. मी हिरडी आयुष्यात किती वेळा पाहिली असेल, पण इतक्या कृतज्ञतेने कधी नाही. मग काच हळूहळू सरकली. अस्तर आले: उभ्या ओळीत रेघ स्पष्ट, मधल्या चांदण्यांत फिकट, जिथे त्या बोटांच्या टोकांनीच एकमेकींना शिवत होत्या. आणि मग बेट. त्याच्या कडेवरही रेघ होती.

मॅडमनी मोठे भिंग लावले. बेट आणि अस्तर यांच्यामध्ये, त्या चिरडलेल्या जागी, जिथे आधी केवळ डाग दिसला होता, तिथे तपकिरी रेघांचा एक बारीक पदर होता. दोन पेशींची रुंदी, कुठे एकीचीच. दबलेल्या, वाकड्या झालेल्या, पण एकीची कड दुसरीला लागलेली. मॅडम तो पदर धरून अस्तरापासून बेटापर्यंत एकदा गेल्या, मग बेटापासून अस्तरापर्यंत परत आल्या. मी श्वास कुठे घ्यायचा ते विसरले होते.

“जोडलेलं आहे,” त्या म्हणाल्या. “बेट नाही हे. घडी आहे.”

मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी बोट वर केले. हा छोटा तुकडा आहे. पिशवी पूर्ण निघाली की तिचा इंच न् इंच पाहायचा, आणि तोवर नाचायचे नाही. मी नाचले नाही. त्यांनी रिपोर्ट लिहिला. मी त्यांच्या खांद्यामागे उभी राहून मोगऱ्याच्या कालच्या, सुकलेल्या कळ्यांकडे पाहत होते. त्या अजून त्यांच्या केसांत होत्या.

शल्यचिकित्सकांनी पिशवी सोलून काढली. ती पूर्ण निघाली. मॅडमनी तिची एकही बाजू सोडली नाही, आणि भिंतीत कुठेही बेट सापडले नाही. जबडा जागेवर राहिला. नसही राहिली, पण ती पिशवीच्या तळाला चिकटलेली होती, सोडवताना दुखावली. शुद्धीवर आल्यावर बहिणीने पहिल्यांदा ओठाला हात लावला आणि हा कुणाचा आहे, असे मला खुणेने विचारले. डावीकडे ओठाला, हनुवटीला काहीच कळत नव्हते. नस तुटलेली नाही, जागी होऊ शकेल, कधी ते सांगता येत नाही, कदाचित पूर्ण होणारही नाही, असे डॉक्टर म्हणाले. कापसाचा धागा वळून ओठावर फिरवत जा आणि कळते का ते विचारत राहा, एवढे काम त्यांनी आम्हांला दिले.

ते काम माझ्याकडे आले. दर रविवारी, दुकानामागच्या खोलीत, ती डोळे मिटून बसायची आणि मी कापसाचा तंतू तिच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्याजवळ न्यायची. पहिल्या काही रविवारी ती प्रामाणिकपणे नाही म्हणाली. पुढे एकदा ती म्हणाली, “हां. कळलं. आत्ता.”

माझा हात अजून हवेत होता.

मी तंतू जिथे होता तिथेच धरून राहिले. तिने डोळे उघडले नाहीत. पापण्या जराशा थरथरत होत्या आणि चेहऱ्यावर तो जुना भाव होता, वडिलांपुढे मी ओळ विसरले की हळूच पुढचा शब्द पुटपुटताना असायचा तोच. हल्ली माझे वजन उतरले आहे, झोप नाही, हे तिला कुणी सांगितले असेल, की तिला दिसले असेल. नंतरच्या रविवारीही तिला कळले. त्याच्या नंतरही. कधी माझा हात पोहोचला असताना कळायचे, कधी नसताना. मी दर वेळी बरं म्हणायची आणि तिच्या नवऱ्याने आणून दिलेली कॉफी प्यायची. भावोजींना वाटायचे, छान सुधारणा आहे. पुट्टी, असे मी तिला एकदा हाक मारून थांबले. आमच्या घरात धाकट्या लेकीला लाडाने म्हणतात तो शब्द. तिने विचारले काय, आणि मी म्हणाले काही नाही. तिचे खोटे तिने माझ्यासाठी इतक्या काळजीने मांडले होते की ते मोडायला माझा हात धजावला नाही.

मग एक रविवार आला, पूर्णपणे इतर रविवारांसारखा. शेजारी नवे दुकान उघडले होते, त्यांनी भाजणीचा धूर येतो म्हणून तक्रार केली होती, आणि बहीण त्या शेजाऱ्यावर मनापासून तापली होती. डोळे मिटायचे ती विसरूनच गेली. कॉफीच्या दुकानाशेजारी जागा घेतली तेव्हा नाक कुठे ठेवले होते, असे तिने त्याला तोंडावर विचारले होते म्हणे. ते सगळे ती हातवारे करून सांगत होती, आणि मी ऐकत ऐकत, सवयीने, कापसाचा तंतू तिच्या ओठाखाली, हनुवटीच्या डाव्या वळणावर टेकवला.

तिचा हात वर आला. माशी हाकलावी तसा तिने तो तंतू झटकला, आणि बोलत राहिली.

मी तंतू पुन्हा टेकवला, थोडा वर. तिने पुन्हा झटकला, या वेळी जरा रागाने, आणि म्हणाली, “अक्का, थांब ना स्वल्प, मला बोलू दे.”

मी थांबले. तिला बोलू दिले.